काउबचा आकडा

(दृश्य: ऱ्हाईनचं पात्र, मधोमध खडकावर पांढरा किल्ला)

हे काउब. जर्मनीतलं ऱ्हाईनकाठचं छोटंसं गाव. पाठीशी द्राक्षमळ्यांचे उतार आणि समोर, ऐन पात्रात, फाल्झग्राफेनश्टाइन किल्ला. १३२७ च्या सुमारास जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांकडून जकात घ्यायला तो बांधला. एरवी तिथे होडीनेच जावं लागतं. २०२२ च्या ऑगस्टमध्ये मात्र लोक गोटे तुडवत, पायी चालत किल्ल्यापर्यंत पोचले.

बासेल ते ॲमस्टरडॅम जाणाऱ्या प्रत्येक जहाजाच्या कप्तानाचं लक्ष या गावच्या एका आकड्याकडे असतं. काउबची पाणीपातळी. २२ ऑक्टोबर २०१८ ला तो आकडा २५ सेंटिमीटरवर आला. वीतभर.

वीतभर पाण्यात जहाज कसं चालेल? इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. मोजपट्टीचा शून्य नदीच्या तळाशी नसतो. काउबच्या आकड्यात साधारण ११२ सेंटिमीटर मिळवले, की जहाजांच्या वाटेवरची खरी खोली कळते. म्हणजे त्या दिवशी ती जेमतेम १३७ सेंटिमीटर होती. उभ्या माणसाच्या छातीइतकं पाणी.

(दृश्य: धक्क्याला लागलेलं प्रवासी जहाज)

आणि हे नदीवरचं क्रूझ जहाज. लांबी १३५ मीटर, रुंदी साडेअकरा मीटरच्या आत, कारण अशा जहाजांच्या वाटेतली काही लॉक, म्हणजे बंधाऱ्यापाशी जहाज वर-खाली नेणारे पाण्याचे कप्पे, १२ मीटर रुंद आहेत. पोटात केबिन, स्वयंपाकघर, जेवणघर, इंजिनं. एवढं सगळं घेऊन ते दीड मीटरच्या आसपास पाण्यात बसतं. आता हिशेब तुम्हीच करा.

मालवाहू जहाजाकडे एक उपाय असतो. पाणी उतरलं, की माल कमी भरायचा. तोही महागात पडतो. २०१८ च्या दुष्काळात लुडविग्सहाफेनच्या बीएएसएफ या रसायन कंपनीला सुमारे २५ कोटी युरोंचा फटका बसला. प्रवासी जहाजाला मात्र तेवढीही सोय नाही. त्याचं वजन म्हणजे ते स्वतःच. सगळे पाहुणे उतरवले तरी ते फारसं वर येत नाही.

पाणी चढलं, पूर आला, की ऱ्हाईनवरची वाहतूक सरकारी नियमाने बंद होते. पाणी उतरलं तर असा बंदीहुकूम निघत नाही. जायचं की थांबायचं, हे कप्तानाने ठरवायचं. मला हे फार मोठं ओझं वाटतं. मागे केबिनमध्ये दीडशेवर माणसं झोपलेली. त्यातल्या कित्येकांनी या एका आठवड्यासाठी वर्षानुवर्षं पैसे साठवलेले.

(दृश्य: अरुंद बोळ, केबिनच्या दारांबाहेर बॅगा)

मग रात्री जेवणाच्या वेळी सूचना होते: सकाळी सातपर्यंत बॅगा दाराबाहेर ठेवा. नाश्ता होतो, बस येते. उथळ टप्पा रस्त्याने ओलांडायचा. पलीकडे कंपनीचं दुसरं जहाज उभं असतं, बहुतेक वेळा हुबेहूब तसंच. केबिनचा क्रमांक तोच, पलंग तिथेच, खिडकी त्याच बाजूला. पलीकडून आलेले प्रवासी या जहाजावर येतात. दोन्ही जहाजं तोंड फिरवतात आणि आल्या वाटेने परत जातात. दुसरं जहाज मिळालं नाही, तर तेच जहाज धक्क्याला बांधलेलं हॉटेल होतं आणि रोज बसने फिरणं सुरू होतं.

काउबलाच हे का? काउबच्या बरंच आधी इफेत्सहाइम हे गाव लागतं. त्याच्या वर, म्हणजे उगमाच्या बाजूला, ऱ्हाईनवर एकामागून एक बंधारे आहेत. ते पाणी धरून ठेवतात. इफेत्सहाइमच्या खाली जर्मनीभर नदी मोकळी वाहते. आल्प्सचं बर्फ, बोडनझे सरोवर आणि पाऊस देईल तेवढंच पाणी. मोझेलसारखी मोठी उपनदी मिळते ती पुढे, कोब्लेन्त्सला. तिचा काउबला उपयोग नाही. त्यात इथला तळ खडकाचा, गाळासारखा उपसून टाकता येत नाही. ही वाट २० सेंटिमीटरने खोल करायचा प्रकल्प जर्मन सरकारने हाती घेतला आहे. वीस सेंटिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात, पण कप्तानाला विचारा.

डॅन्यूबवरही तीच गोष्ट. जर्मनीच्या बव्हेरिया राज्यात श्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन, सुमारे ७० किलोमीटर, नदी बंधाऱ्याविना वाहते. तिथे बंधारा बांधायचा घाट अनेक वर्षं चालला होता, काठच्या लोकांनी तितकीच वर्षं विरोध केला. २०१३ मध्ये बव्हेरिया सरकारने बंधारा न बांधण्याचं ठरवलं. मला तो निर्णय योग्य वाटतो, जहाजं अडकतात हे माहीत असूनही. बंधाऱ्यामागे पाणी तुंबतं. वाहती नदी, तिची वळणं, वाळूचे पट्टे, त्यांवर जगणारे पक्षी आणि मासे, हे सगळं त्यात जातं.

एल्ब नदीची अवस्था याहून बिकट. तिच्यासाठी खास उथळ तळाची जहाजं बांधली, उन्हाळ्यात तीही अडकतात. चेक देशातल्या देचिन गावी तिच्या पात्रात एक शिळा आहे. पाणी खाली गेलं की दिसते. तिच्यावर १६१६ हे साल आहे आणि एक ओळ: मला पाहशील तेव्हा रड. अशा शिळा कोरणाऱ्यांसाठी कोरडी नदी म्हणजे बुडालेलं पीक आणि दारातली भूक होती.

(दृश्य: पुन्हा काउब, संध्याकाळ)

महाराष्ट्रातून युरोप सहलीला गेलेल्या अनेकांनी ऱ्हाईनवरचा बोपार्ड ते सांक्त गोआर हा बोटीचा फेरा केलेला असेल. काउब तिथून थोडंच वर.

आज पाणी पुरेसं आहे, पण जेमतेम. उथळ पाण्यात जहाज जोरात गेलं, की आणखी खाली बसतं. म्हणून किल्ला दिसू लागताच इंजिनाचा आवाज उतरतो. डेकवरचे लोक फोटो काढताहेत. वरच्या काचेच्या खोलीत कप्तानाची नजर खोली दाखवणाऱ्या पडद्यावर खिळलेली आहे. तळाखाली चाळीस सेंटिमीटर. पस्तीस. तीस. किल्ला हळूहळू मागे पडतो. पस्तीस.