कोल्डिट्झच्या अंगणात उतरलेली निळी पेटी

नमस्कार मंडळी! आज एका ऑडिओ ड्रामाबद्दल बोलायचंय. नाव कोल्डिट्झ, 2001 साली ब्रिटनमध्ये आला, बिग फिनिश कंपनीने काढला, आणि तो डॉक्टर हू मालिकेतला आहे. ज्यांनी डॉक्टर हू पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, डॉक्टर नावाचा एक परग्रहावरचा प्रवासी आहे, त्याच्याकडे निळ्या पोलीस बॉक्ससारखी दिसणारी पेटी आहे, तिला टार्डिस म्हणतात, आणि त्या पेटीतून तो काळात कुठेही जाऊ शकतो. बीबीसी टीव्हीवर ही मालिका 1963 ला सुरू झाली, 1989 ला बंद पडली, ती नियमित परत आली थेट 2005 ला. मधली बरीच वर्षं चाहत्यांना डॉक्टर भेटत राहिला तो 1999 पासून निघालेल्या या ऑडिओ नाटकांतून, आणि टीव्हीवर ज्यांनी कामं केली होती तेच नट माइकसमोर येऊन उभे राहिले. इथे सिल्व्हेस्टर मॅकॉय डॉक्टर आहे आणि सोफी आल्ड्रेड त्याची साथीदार एस.

गोष्ट ऑक्टोबर 1944 ची. टार्डिस उतरते ती नेमकी कोल्डिट्झ किल्ल्यात, आणि दोघंही पकडले जातात. हा किल्ला खरा आहे बरं का, जर्मनीत सॅक्सनी प्रांतात, मुल्डे नदीच्या काठी टेकडीवर. दुसऱ्या महायुद्धात तिथे पकडलेल्या अधिकाऱ्यांची छावणी होती, आणि बाकीच्या छावण्यांमधून पळायचा प्रयत्न केलेले लोक मुद्दाम इथे आणून कोंडायचे. म्हणजे पळून जाण्यात पटाईत माणसं सगळी एका छताखाली! पुढे काय झालं असेल ते सांगायला नकोच.

मला हे नाटक का धरून ठेवतं ते सांगते. साध्या कैद्याला शिक्षेची मुदत माहीत असते, पाच वर्षं म्हणजे पाच वर्षं, भिंतीवर रेघा मारत का होईना तो मोजत बसतो. युद्धकैद्याला मोजायलाच काही नसतं, युद्ध संपेल तेव्हा सुटका, आणि युद्ध कधी संपणार हे कोणालाच ठाऊक नाही. आता अशा ठिकाणी एक माणूस येऊन पडतो ज्याला तारीख माहितीये. 16 एप्रिल 1945, त्या दिवशी अमेरिकन सैन्याने कोल्डिट्झ मुक्त केलं. आपल्याला इतिहास वाचून कळतं, डॉक्टरला ते आधीच माहीत असणार, आणि अंगणात हजेरीला रांगेत उभ्या असलेल्या त्या माणसांना मात्र काहीच पत्ता नाही.

त्या ऑक्टोबरच्या जेमतेम काही दिवस आधी, 25 सप्टेंबर 1944 ला, मायकेल सिंक्लेअर नावाचा ब्रिटिश लेफ्टनंट किल्ल्याच्या बागेतलं तारेचं कुंपण चढून पळाला आणि पहारेकऱ्यांच्या गोळीला बळी पडला. कितीतरी वेळा पळालेला, पकडला गेलेला, परत पळालेला माणूस. पावणेसात महिने थांबला असता तर सुटला असता हो! पण त्याला हे सांगणार कोण? टाइम ट्रॅव्हलच्या गोष्टीत यंत्रं, विरोधाभास वगैरे सगळं असतं ते मलाही आवडतं, पण या एका प्रश्नापुढे मला ते सगळं फिकं वाटतं.

आता नाटकातला मुख्य पेच सांगते, ज्यांना स्वतः ऐकायचंय त्यांनी दोन मिनिटं आवाज बारीक करा. एसकडे सीडीचा वॉकमन असतो, आणि सीडी वाचायला आत लेझर लागतो. जगात पहिला लेझर चालला 1960 ला, आणि इथे 1944 मध्ये तो नाझींच्या हातात पडायची वेळ येते. क्लाइन नावाची एक बाई किल्ल्यात येते, ती आलेली असते अशा भविष्यातून जिथे जर्मनी युद्ध जिंकलाय, आणि ते भविष्य घडलं कशामुळे तर या एवढ्याशा वस्तूमुळे. ट्रेसी चाइल्ड्सने क्लाइन अशी केलीये की तिचा रागच येत नाही पटकन, ती शांतपणे बोलते, तिच्या दृष्टीने तिचं जगच खरं आहे आणि डॉक्टर ते पुसायला निघालाय. तिच्यामुळेच नाटकाला वजन आलंय, इतकं की पुढे कंपनीने तिला परत आणलं. त्या मानाने ब्रिटिश कैदी जरा ठोकळेबाज वाटतात मला, पळायच्या योजना आखणारे शूर अधिकारी एवढंच, त्यांच्या आत फारसं कोणी डोकावत नाही. आणि कर्ट्झ नावाचा एक क्रूर जर्मन पहारेकरी आहे, त्याचा आवाज नीट ऐका, तो डेव्हिड टेनंट आहे, जो 2005 मध्ये टीव्हीवर स्वतःच डॉक्टर झाला!

आणि ही गोष्ट कानांनी ऐकण्यातच खरी मजा आहे, कारण खऱ्या कोल्डिट्झमध्येही जगणं बरंचसं कानांवरच होतं. ऑक्टोबर 1942 मधली सुटका घ्या. चौघांना स्वयंपाकघरातून बाहेर पडून जर्मनांच्या बाजूचं अंगण ओलांडायचं होतं आणि तिथे पहारेकरी येरझारा घालत होता. वर कैद्यांच्या वाद्यवृंदाचा सराव चाललेला, आणि तो घेत होता डग्लस बेडर, दोन्ही पाय गमावूनही लढाऊ विमान चालवणारा वैमानिक. पहारेकऱ्याची पाठ फिरली की वाजवणं थांबवायचं, हाच इशारा. अंधारात दबा धरून बसलेली ती चार माणसं संगीत ऐकत नव्हती, ते थांबायची वाट बघत होती! चौघंही स्वित्झर्लंडला पोचले. शिवाय पोटमाळ्यात एक रेडिओ लपवलेला होता, आधी फ्रेंच कैद्यांकडे, मग ब्रिटिशांकडे, बीबीसीच्या बातम्या ऐकून शॉर्टहँडमध्ये उतरवायच्या आणि मग खोल्याखोल्यांत जाऊन वाचून दाखवायच्या. पकडले गेले तर काय होईल याची कल्पना असूनही हे चालू होतं, कारण युद्ध कुठवर आलंय हे कळायला दुसरा मार्गच नव्हता.

टार्डिसच्या आवाजाबद्दलही सांगायलाच हवं, तो घरघरत चढत जाणारा आवाज 1963 मध्ये बीबीसीच्या ब्रायन हॉजसनने तयार केला, जुन्या पियानोच्या जाड तारांवर घराची किल्ली घासून, आणि मग टेपवर त्याच्यावर काम करून. तुरुंगाच्या गोष्टीत सुटकेच्या यंत्राचा आवाज किल्लीतून निघालेला असावा याचा मला फार आनंद होतो.

आता आपल्याकडच्या माणसाकडे येते, जो या नाटकात नाही. डॉ. बिरेंद्रनाथ मजुमदार, कोल्डिट्झमधले एकमेव भारतीय. लंडनला डॉक्टरकी शिकायला गेले, युद्ध सुरू झाल्यावर ब्रिटिश सैन्याच्या वैद्यकीय दलात शिरले आणि 1940 मध्ये फ्रान्समध्ये पकडले गेले. बर्लिनमध्ये सुभाषबाबूंशी त्यांची भेट घडवली गेली, आमच्याकडे या असा प्रस्ताव आला, स्वातंत्र्य त्यांनाही हवंच होतं, पण राजाची शपथ घेतलीये म्हणून त्यांनी नकार दिला. आणि परत आल्यावर ज्यांच्यासाठी नकार दिला ते ब्रिटिश अधिकारीच त्यांच्याकडे हेर म्हणून बघायचे, पळायच्या बेतात घ्यायचे नाहीत. फेब्रुवारी 1943 मध्ये गांधीजींनी पुण्यात आगाखान पॅलेसच्या कैदेत 21 दिवसांचं उपोषण केलं, त्याच वर्षी मजुमदारांनीही कोल्डिट्झमध्ये अन्न सोडलं, मागणी एकच, मला भारतीय कैद्यांच्या छावणीत पाठवा. जर्मनांना ते मान्य करावं लागलं. मग फ्रान्समधल्या छावणीतून ते पळाले आणि पायी स्वित्झर्लंड गाठलं.

आकाशवाणीच्या नभोनाट्यांवर वाढलेले लिहिते लोक आपल्यात खूप आहेत, त्यांच्यापैकी कोणीतरी हे लिहायला घ्या ना! आजचा एखादा मराठी मुलगा त्या उपोषणाच्या खोलीत जाऊन पडू दे. त्याला 15 ऑगस्ट 1947 ही तारीख माहितीये, फाळणीही माहितीये. मजुमदार त्याला विचारतात, आपला देश कधी सुटणार? त्याने तारीख सांगावी का, आणि सांगितली तर पुढचंही सांगावं का, इथे नाटक सुरू करा. संहिता झाली की आपल्या कार्यक्रमाकडे पाठवा, मी शब्द न् शब्द वाचेन. आणि कोल्डिट्झ मिळालं तर चारही भाग हेडफोन लावूनच ऐका.