नाबोथाचा द्राक्षमळा, तालुका खानापूर

लघु माहितीपटाचे निवेदन

(दृश्य: घराची पडवी. टेबलावर उघडलेली बाजाची पेटी.)

पडद्यावर दिसणारी ही बाजाची पेटी कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील एका ख्रिस्ती मंडळीच्या उपासनेतली आहे. तिचा भाता सोडवून भिंतीशी उभा केला आहे, पट्ट्या काढून वर्तमानपत्रावर क्रमाने मांडल्या आहेत आणि पितळी सुरांची फळी टेबलावर उताणी ठेवली आहे. तिच्यावर वाकलेली मुलगी सोळा वर्षांची आहे. ती शाळेत जात नाही. सहावीपासून ती घरीच शिकते, आणि सकाळचे हे काम तिच्या वेळापत्रकात विज्ञान या विषयाखाली लिहिलेले आहे. कुटुंबाची तशी इच्छा असल्यामुळे आम्ही घरातील कोणाचे किंवा गावाचे नाव घेणार नाही.

(दृश्य: सुराची पितळी जीभ, अगदी जवळून.)

जिभेखाली पातळ पत्रा सरकवून ती किंचित उचलली आहे. टोकाशी बारीक कानस दोनदा फिरवली की टोक हलके होते, कंपने वाढतात आणि सूर चढतो. तीच कानस बुडाशी फिरवली की जिभेचा ताठपणा कमी होतो आणि सूर उतरतो. मग शेजारच्या, आधीच लागलेल्या पेटीवर तोच स्वर धरून दोन्ही एकत्र वाजवले जातात. त्या दोन स्वरांमध्ये एक थरथर ऐकू येते. ती मंदावत मंदावत नाहीशी झाली की सूर जुळला असे समजावे. ध्वनीवरचा धडा या मुलीने पुस्तकात नंतर वाचला; थरथर मात्र तिच्या कानांना आधीपासून ठाऊक होती, आणि आमच्या मते घरशिक्षणाच्या बाजूने यापेक्षा अधिक काही सांगण्याची फारशी गरज नाही.

तिचे पप्पा पेट्या दुरुस्त करतात. खानापूरचा पाऊस पेटीला सोसत नाही: लाकूड फुगते, पट्ट्या अडकतात, भात्याच्या चामड्याला बुरशी धरते. त्यांची बहुतेक गिऱ्हाइके भजनी मंडळे आहेत, आणि आषाढी एकादशी जवळ आली की या पडवीत पाय ठेवायला जागा उरत नाही. भिंतीशी रांगेने ठेवलेल्या पेट्यांपैकी तिघींच्या झाकणावर विठ्ठल-रखुमाईची चित्रे चिकटवलेली दिसतात. दुरुस्तीत ती चित्रे खराब होऊ नयेत म्हणून त्यांच्यावर प्लॅस्टिकचा कागद लावण्याचे काम या मुलीकडे लहानपणापासून आहे. आमच्या तीन दिवसांच्या चित्रीकरणात या गोष्टीवर घरात कोणी एक शब्दही बोलले नाही, कारण बोलण्यासारखे त्यात त्यांना काही वाटत नाही.

(दृश्य: रविवारची उपासना. चाल लावताना पप्पा.)

बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीने १८२० मध्ये काम सुरू केले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ते अमेरिकन मेथडिस्ट मिशनकडे गेले. त्या परंपरेतल्या मंडळ्यांमध्ये मराठी आणि कानडी दोन्ही भाषकांना जागा मिळाली. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती भक्तिगीताला अभंगाचे आणि भजनाचे वळण दिले, आणि म्हणूनच इथे पेटीच्या साथीला टाळ दिसतात. या मंडळीत सकाळची पहिली उपासना कानडीत होते आणि दुसरी मराठीत. वेदी एक, पाळक एक, पेटीही एकच. पहिल्या उपासनेला मुलीची आज्जी जाते, जिचे माहेर धारवाडकडचे आहे. दुसरीला बाकीचे सर्वजण. मुलगी दोन्हींना थांबते, कारण पेटी तिला वाजवायची असते.

(दृश्य: स्वयंपाकघराला लागून असलेली खोली. पुस्तकांचे कपाट.)

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा घरच्या अभ्यासाला सुरुवात झाली, आणि शाळा उघडल्यानंतरही तो चालू राहिला. आई पूर्वी एका खासगी शाळेत मराठी माध्यमाच्या वर्गांना शिकवत असे. ते वर्ग एकेक करून बंद झाले आणि तिची नोकरी गेली. माध्यमिक शाळेसाठी मुलीला रोज लांबचा बसप्रवास करावा लागला असता, तोही पावसाळ्यातल्या बसच्या भरवशावर. पप्पांचे कारण वेगळे होते. मुलांना वचनात वाढवणे हे आईबापांचे काम आहे आणि ते दुसऱ्यावर सोपवता येत नाही, असे ते मानतात. आई या कारणाशी पूर्णपणे सहमत नव्हती, पण तिला तिचा वर्ग हवा होता, मग तो एका विद्यार्थिनीचा का असेना.

शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्यातील कलम १० नुसार सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य आहे. न घातल्यास पालकांना शिक्षा मात्र त्या कायद्यात सांगितलेली नाही. चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या माध्यमिक परीक्षेला बसता येते. केंद्र सरकारच्या या संस्थेची स्थापना १९८९ ची. पाच विषय घ्यावे लागतात, परीक्षा वर्षातून दोनदा होते, सगळे विषय एकाच वेळी देण्याची सक्ती नाही आणि माध्यम मराठी घेता येते. या शेवटच्या सोयीची माहिती सीमाभागातील फार थोड्या पालकांना आहे. कपाटातील दुसऱ्या फळीवर दिसतात ती हीच पुस्तके. त्यांच्या पाठीला आईने कापडी पट्ट्या लावल्या आहेत.

(दृश्य: जमिनीवर पसरलेली दोन वर्तमानपत्रे, शिसपेन्सिल.)

समाजशास्त्राचा तास असा चालतो. एक मराठी आणि एक कानडी वर्तमानपत्र शेजारी शेजारी ठेवायचे आणि त्याच दिवसाची तीच बातमी दोन्हींत शोधायची. आमच्या कॅमेऱ्यासमोर २ नोव्हेंबरचे अंक होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि तोवर मुंबई राज्यात असलेला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. तेव्हापासून हा दिवस बेळगाव शहराच्या एका भागात राज्योत्सव असतो आणि दुसऱ्या भागात मराठी भाषकांचा काळा दिवस. एका अंकाच्या पहिल्या पानावर लाल-पिवळ्या झेंड्यांची मिरवणूक आहे, दुसऱ्याच्या पहिल्या पानावर काळ्या कपड्यांतील फेरी. मुलीचे काम दुसऱ्या पक्षाची बातमी कितव्या पानावर आणि किती ओळींत आली आहे हे मोजण्याचे. तिने दोन्ही अंकांतल्या ओळी मोजून वहीत लिहिल्या आणि त्याखाली स्वतःचे मत लिहिले: दोन्ही संपादकांना आपापल्या वाचकांची भीती वाटते.

हे मत सोळाव्या वर्षाला साजेसे कठोर आहे. ते आम्ही गाळावे असे आईला वाटत होते.

(दृश्य: आज्जाचे पवित्र शास्त्र, समासातील लाल पेन्सिलची खूण.)

या घराला राजकारण नवे नाही. मुलीचे आज्जा महाराष्ट्र एकीकरण समितीचे, म्हणजे सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या संघटनेचे, कार्यकर्ते होते. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात ते हिंडलग्याच्या तुरुंगात होते. त्या आंदोलनात गोळीबारात मारले गेलेल्यांचे स्मारक हिंडलग्यातच आहे आणि दरवर्षी १ जूनला तिथे लोक जमतात. आज्जा आता नाहीत. त्यांचे पवित्र शास्त्र मुलीकडे आले आहे आणि १ राजे या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायाशी त्यांनी लाल पेन्सिलने ‘जून ८६’ असे लिहिलेले आहे. हा अध्याय नाबोथाचा. अहाब राजाला नाबोथाचा द्राक्षमळा हवा असतो, नाबोथ वाडवडिलांचे वतन विकायला नकार देतो, आणि राणी ईजबेल खोटे साक्षीदार उभे करून त्याला मारवते. आज्जांच्या दृष्टीने बेळगाव हा तो मळा होता. घरातल्या कौटुंबिक प्रार्थनेत हा अध्याय ते वर्षातून एकदा तरी वाचत आणि त्यावर बोलत.

मुलीने या अध्यायावर वहीची अकरा पाने लिहिली आहेत. त्यांपैकी चार तिने आम्हाला वाचून दाखवली. तिचा मुद्दा थोडक्यात असा: नाबोथाच्या मळ्याला मालक एकच होता आणि राजाला त्याच्यावर कोणताही हक्क नव्हता. इथे मात्र आज्जांचे वाडवडील याच मातीतले होते आणि आज्जीचेही, आणि दोघांच्या भाषा वेगळ्या होत्या. म्हणून मळ्याची उपमा अर्धीच लागू पडते. उरलेल्या अर्ध्यात ती आज्जांच्या बाजूची आहे. आपल्या भाषेत शिकण्याचा, सरकारी कागद आपल्या भाषेत मिळवण्याचा हक्क ती वतनासारखाच मानते, तो विकत मागण्याची गोष्ट नव्हे असे तिने लिहिले आहे, आणि ती स्वतः मराठीतून परीक्षा देते याचे कारणही तिने हेच दिले आहे.

सीमावादासाठी १९६६ मध्ये नेमलेल्या महाजन आयोगाने पुढच्या वर्षी अहवाल दिला. बेळगाव म्हैसूर राज्यातच ठेवावे, पण खानापूर, नंदगड, निपाणी हा भाग महाराष्ट्राला द्यावा, अशी त्यातली शिफारस होती. महाराष्ट्राने अहवाल नाकारला. या अहवालाबद्दल मुलीने आज्जांना विचारले होते की तो मान्य झाला असता तर आपले गाव महाराष्ट्रात गेले असते का, आणि आज्जांनी उत्तर न देता चहा मागवला होता. हे आम्हाला आईने हसत सांगितले.

(दृश्य: मुलगी वहीतून वाचते.)

पप्पांचे मत वेगळे आहे. प्रेषित पौलाने लिहिलेल्या रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात अधिकाऱ्यांच्या अधीन राहावे असे सांगितले आहे, आणि त्यांच्या लेखी विषय तिथे संपतो. मंडळीने निवडणुकीपासून आणि फेऱ्यांपासून दूर राहावे, पेटीवर झेंड्याचा रंग चढू देऊ नये, असे ते म्हणतात. बापलेकीचा हा वाद जेवणाच्या वेळी होतो आणि बराच वेळ चालतो. मुलीचे उत्तर त्याच पौलाकडून येते. अधीन राहा असे लिहिणारा पौल वारंवार तुरुंगात गेला, आपले रोमी नागरिकत्व त्याने हवे तिथे बोलून दाखवले आणि शेवटी कैसराकडे, म्हणजे रोमच्या सम्राटाकडे, दाद मागितली. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाप्रमाणे सुभेदार फेलिक्सने त्याला दोन वर्षे तसेच कैदेत ठेवले होते. महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात सीमाप्रश्नाचा दावा २००४ मध्ये दाखल केला, म्हणजे आमच्या कैसराकडच्या कामाला वीस वर्षांहून अधिक काळ झाला, असे तिने वहीत नोंदले आहे. या वाक्याला पप्पाही हसले; ते हसणे ध्वनिमुद्रणात आले आहे.

तिच्या श्रद्धेबद्दल ती कमी बोलते. आपण ख्रिस्ती घरात जन्मलो म्हणून विश्वास ठेवतो की खरोखर ठेवतो, हा प्रश्न तिला चौदाव्या वर्षापासून पडतो. तिने तो पाळकांना विचारला आणि त्यांनी दृढीकरण, म्हणजे आपला विश्वास मंडळीसमोर स्वतः कबूल करण्याचा विधी, एक वर्ष पुढे ढकलण्याची मुभा दिली. तिने ते दोनदा पुढे ढकलले. ज्या मुली शाळेत जातात त्यांना हा प्रश्न बाहेरचे लोक विचारतात, मला तो स्वतःलाच विचारावा लागला, असे तिचे म्हणणे. धर्मांतरविरोधी विधेयक कर्नाटकाच्या विधानसभेने डिसेंबर २०२१ मध्ये बेळगावच्या सुवर्ण विधानसौधातच मंजूर केले. त्या हिवाळ्यात या घरातील शेजाऱ्यांसह होणारी बुधवारची प्रार्थना थांबली आणि पुन्हा सुरू झाली नाही. २०२३ च्या जूनमध्ये नव्या मंत्रिमंडळाने कायदा मागे घेण्याचा निर्णय केला.

(दृश्य: संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना. निवेदन थांबते. आज्जीची कानडी प्रार्थना पूर्ण ऐकू द्यावी.)

(दृश्य: गणवेशातील धाकटा भाऊ, बसथांबा.)

धाकटा भाऊ खानापूरच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जातो. त्याने स्वतः तसा हट्ट धरला. मुलीला समवयस्क मैत्रिणी दोनच आहेत आणि त्या मंडळीतल्याच आहेत. गणित एकदा राहिले होते, ते पुढच्या परीक्षेत सुटले. पदवीपूर्व महाविद्यालयातील प्रवेशासाठी कागदपत्रांच्या फेऱ्या चालू आहेत.

(दृश्य: वहीचे शेवटचे पान.)

या पानावर तिने खानापूर मतदारसंघाची यादी केली आहे: २०१३ मध्ये समितीचा आमदार, २०१८ मध्ये काँग्रेसचा, २०२३ मध्ये भाजपचा. आज्जांनी कोणाला मत दिले असते हे घरात सर्वांना माहीत आहे. २०२८ च्या विधानसभा निवडणुकीच्या वेळी ती एकोणीस वर्षांची असेल. मत कोणाला द्यायचे हे तिचे ठरलेले नाही, पप्पांना विचारायचे नाही एवढे मात्र ठरलेले आहे, आणि तिने ते पप्पांसमोरच सांगितले.