रामटेकचे माजी खासदार आणि चौदा मतं

नमस्कार श्रोतेहो.

२८ जुलै १९९३. मौद्याकडच्या आमच्या बांधीत रोवणी जोरात होती. धुऱ्यावरच्या बाभळीला रेडिओ टांगलेला, आणि पोटरीभर चिखलात उभे राहून आम्ही दर बातम्यांना कान लावत होतो. दिल्लीत नरसिंह राव सरकारवर अविश्वास ठराव आला होता. मामाजींनी बायांचं गाणं थांबवलं तशी एक जण ठसक्यात म्हणाली, "सरकार पडते त पडू द्या, आमचे पऱ्हे सुकून राह्यले!"

निकाल रात्री कळला, जेवायला बसलो तेव्हा. ठरावाच्या बाजूने २५१, विरोधात २६५. चौदा मतांनी सरकार वाचलं.

मामाजींना त्याचा एवढा जिव्हाळा का? तर राव हे 'आपले' खासदार. १९८४ आणि १९८९ असे दोनदा रामटेकहून निवडून गेलेले. १९९१ ला मात्र ते उभेच नव्हते, निवृत्तीच्या तयारीत होते. राजीव गांधींची हत्या झाली आणि २१ जूनला हेच गृहस्थ पंतप्रधान झाले, तेही खासदार नसताना. पुढे नोव्हेंबरात ते नंद्यालहून लोकसभेत आले. पण आमच्या गावाच्या लेखी ते रामटेकचेच.

काँग्रेसजवळ बहुमत नव्हतं. मग सरकार चाललं कसं? ग्रामपंचायतीत सरपंचावर अविश्वास आणायचा तर मोजणी एकूण सदस्यांवर होते. त्यामुळे ठराव आणणारे आपले मेंबर गाडीत घालून देवदर्शनाला नेतात. लोकसभेत मोजतात ते हजर राहून मत देणारे. जो तटस्थ राहिला, तो न बोलता सरकारच्या कामी आला. जुलै १९९१ च्या विश्वासदर्शक ठरावावर शंभराहून जास्त सदस्य असेच तटस्थ राहिले होते. पुन्हा निवडणूक कोणालाच नको होती.

पण अशा सरकारला रोज माणसं मोजावी लागतात. त्याच जुलैच्या अर्थसंकल्पात मनमोहन सिंगांनी खताच्या किमती ४० टक्के वाढवल्या. विरोधक ओरडले ते ओरडलेच, पण काँग्रेसचेच खासदार बिथरले. मग वाढ ३० टक्क्यांवर आली आणि लहान शेतकऱ्यांना वगळावं लागलं. भरभक्कम बहुमताचं सरकार एवढं वाकलं असतं का, मला शंका आहे.

पंचायत राजची ७३वी घटनादुरुस्ती याच सरकारची. तिला दोन तृतीयांश मतं लागत होती, म्हणजे विरोधकांना सोबत घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. डिसेंबर १९९२ मध्ये, बाबरी मशीद पडून देश पेटलेला असताना, संसदेने ती मंजूर केली.

त्या चौदा मतांचा हिशेब मात्र फार दिवस मिटला नाही. झारखंड मुक्ती मोर्चाच्या खासदारांना मतांसाठी पैसे दिल्याचा खटला उभा राहिला. रावांना २००० साली विशेष न्यायालयाने दोषी ठरवलं, २००२ मध्ये उच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं. मधे १९९८ ला सर्वोच्च न्यायालयाचा एक अजब निकाल आला. पैसे घेऊन सभागृहात मत दिलं असेल, तर त्या खासदाराला घटनेचं संरक्षण आहे. ज्याने पैसे घेतले म्हणतात पण मतच दिलं नाही, त्याला नाही!

मामाजींना हे समजावून सांगितलं. ते हातातली बिडी न पेटवता बराच वेळ बसून राहिले. मग म्हणाले, "म्हंजे पैसे खाऊन ज्यानं इमानदारीनं काम केलं, तो सुटला म्हना."

४ मार्च २०२४ ला सात न्यायाधीशांच्या पीठाने तो निकाल फिरवला. सांगायला मामाजी राहिले नव्हते.