मातीत आहे, पण पिकाला मिळत नाही

श्रोतेहो, नमस्कार. किलोभर मातीत २०-३० ग्रॅम लोह सहज सापडतं. तरीही त्याच मातीतल्या पिकाची कोवळी पानं लोहाअभावी पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लोह, जस्त, तांबं, बोरॉन अशा सूक्ष्म अन्नद्रव्यांचा एकूण साठा आणि मुळांना मिळणारा वाटा, यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं.

साठा ठरवतो मूळ खडक. बेसॉल्टच्या मातीत तांबं, जस्त, कोबाल्ट जास्त. वालुकाश्माच्या मातीत कमी. सर्पेंटाइन खडकावरच्या मातीत तर निकेल इतकं, की बहुतेक पिकं खुरटतात.

पुढचा कारभार सामूच्या, म्हणजे मातीची आम्लता-विम्लता सांगणाऱ्या पीएचच्या हाती. सामू एकने वाढला, की मातीच्या पाण्यात विरघळलेलं जस्त सुमारे शंभरपट घटतं. लोहाचंही तसंच. म्हणूनच चुनखडीच्या, म्हणजे जास्त सामूच्या जमिनीत नुसतं फेरस सल्फेट हे लोहाचं खत टाकणं बहुधा वाया जातं; ते लगेच न विरघळणाऱ्या रूपात जातं. तिथे फवारणी किंवा चिलेट, म्हणजे सेंद्रिय रेणूने धरून विरघळतं ठेवलेलं लोह बरं. मॉलिब्डेनमची चाल मात्र उलटी: आम्ल जमिनीत अडकतं, चुना टाकला की सुटतं.

मग पाणी. भातखाचरात पाणी साचलं, की मातीतला ऑक्सिजन संपतो आणि लोह, मंगल (मँगनीज) विरघळू लागतात, कधी बाधा होण्याइतके. जस्ताची उपलब्धता मात्र तिथेच घसरते. रेताड जमिनीतून बोरॉन पावसाबरोबर खाली वाहून जातं. सेंद्रिय पदार्थ तांब्याला घट्ट धरतात, म्हणून दलदली पीट जमिनीत, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरात तांब्याची उणीव दिसते.

काही गोष्टी आपणच बिघडवतो. सपाटीकरणात वरचा थर खरवडला, की तिथे जस्ताच्या कमतरतेचे पट्टे उमटतात. स्फुरदाचा (फॉस्फरसचा) अतिरेकही जस्ताला मारक.

मातीचा नमुना घेताना वरचा पालापाचोळा बाजूला करून १५ सेंटिमीटर खोल, इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा घ्या. शेतभर नागमोडी चालत १०-१५ ठिकाणची माती गोळा करा, सावलीत वाळवा, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत टाकत अर्धा किलो ठेवा. बादली प्लॅस्टिकची, खरवडणी लाकडाची. जस्ताचा मुलामा दिलेली बादली तर नकोच! डीटीपीए या रसायनाने मातीतलं उपलब्ध जस्त काढून मोजतात; त्या पद्धतीत जस्ताची कमतरता ठरवण्याची नेहमीची मर्यादा किलोमागे ०.६ मिलिग्रॅम, मुलाम्याचा कणभर अंशही अहवाल फिरवतो. बोरॉन या पद्धतीत मोजत नाहीत, ते गरम पाण्याने काढतात. हवं असेल तर प्रयोगशाळेला वेगळं सांगा.