शंभर लिटरांचा संसार

(फोंडा परिसरातील एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

पत्रिकेत माझा विषय ‘घरगाडीतील पाणी, वीज आणि इंधन यांचा हिशेब’ असा छापला आहे आणि त्यासाठी मला पाऊण तास मिळाला आहे. ज्या गाडीत आम्ही उभयतांनी दीड वर्ष संसार केला, तिची पाण्याची टाकी शंभर लिटरांची आहे. तेव्हा मोजून मिळालेली वस्तू हा गृहस्थ पुरवून वापरील, असा संयोजकांचा समज झाला असावा. वेळेच्या बाबतीत तो कितपत खरा आहे, हे मागच्या रांगेत बसलेली माझी पत्नी सांगेल.

काटकसर हा स्वभावाचा गुण आहे असे आपण मानतो. माझ्या मते ती साठा डोळ्यांना दिसण्यावर अवलंबून असते. नळाची तोटी सोडताना कोणाला ओपाचा जलशुद्धीकरण प्रकल्प दिसत नाही की साळावलीचे धरण दिसत नाही. याचा पुरावा म्हणजे माझे मामा.

मामा सावईवेऱ्याचे. कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, जन्म गेला, पाटाचे पाणी बारमाही पोफळींतून खळाळत असे आणि न्हाणीत तांब्याचे भाण सदैव तापलेले. ते एका रात्रीपुरते काणकोणला आमच्या गाडीत मुक्कामाला आले. टाकी दुपारीच काठोकाठ भरली होती. मामा सायंकाळी स्नानाला गेले आणि त्यांनी शॉवर सोडून स्तोत्र सुरू केले. आमचा शॉवर मिनिटाला सुमारे आठ लिटर पाणी देतो; स्तोत्र अकरा मिनिटांचे होते. मी बाहेर टाकीतली पातळी दाखवणाऱ्या त्या फसव्या काट्याकडे पाहत होतो. त्याच्याविषयी माझी जुनी तक्रार आहे: टाकीतल्या कांड्यांवर क्षारांचा थर बसला की टाकी रिकामी असतानाही तो ‘अर्धी’ असेच सांगतो, आणि गाडी उतारावर उभी असेल तर विचारूच नका. (पुढे मी तो काढून टाकला आणि टाकीला बाहेरून एक पारदर्शक नळी जोडली. तिला खोटे बोलता येत नाही.) काटा ‘अर्धी’ म्हणत असतानाच पंपाचा आवाज बदलला, तो कोरडा घरघरू लागला आणि आतून प्रश्न आला, “अरे, बावडी आटली काय रे?”

सर्वांगाला साबण लागलेल्या वडीलधाऱ्या माणसाला काय उत्तर द्यावे? पिण्याच्या कॅनमधून पाच लिटर पाणी बादलीत ओतले आणि दाराच्या फटीतून आत सरकवले. मामांनी पाच तांब्यांत स्नान उरकले. दुसऱ्या दिवशी बादली समोर ठेवली, तेव्हा चार तांबे पुरले आणि स्तोत्रही पूर्ण झाले. स्वभाव रातोरात पालटला म्हणावे, तर सकाळच्या न्याहारीला त्यांनी चवथ्यांदा चहा मागितला होता. पालटले होते ते एवढेच, की पाण्याचा तळ त्यांना दिसत होता. साबणाचे ते पाणी गाडीखालच्या सांडपाण्याच्या टाकीतून काढून आम्ही माडाच्या मुळाशी ओतले. आपल्या आज्यांच्या न्हाणीचे पाणी तरी दुसरीकडे कुठे जात असे?

चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटे उरली म्हणतात, आणि वीज व इंधन अजून तसेच राहिले आहे. भरभर सांगतो.

बारा व्होल्टची, दोनशे अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे २.४ युनिट वीज. ती शिसे-आम्लाची असेल, तर आयुष्य टिकवण्यासाठी निम्मीच वापरावी. म्हणजे हाती १.२ युनिट उरते, आणि एक टनाचा वातानुकूलक ती तासाभरात संपवू शकतो. आम्ही पंख्यावर राहिलो. छपरावरच्या सौर पट्टीवर माडाच्या एका झावळीची सावली पडली, तरी पट्टीतील सौरघट (सेल) एकमेकांना साखळीने जोडलेले असल्यामुळे, झाकलेल्या भागाच्या मानाने वीज कितीतरी अधिक घटते. माडाखाली गाडी न लावण्याचे दुसरे कारण वरून पडते. ते सांगायला नको.

इंधनाचे म्हणाल तर आमच्याकडे पाच किलोंचा छोटा सिलिंडर आहे. उकडे तांदूळ शिजायला वेळ घेतात, म्हणून ते भिजवून, एक दणदणीत उकळी आणून, भांडे गोधडीत गुंडाळून ठेवायचे. उरलेले काम आतली उष्णता करते. सकाळी पेज तयार असते.

वजनही इंधनच खाते. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, त्यामुळे चोर्ला घाट चढायचा असेल तेव्हा आम्ही टाकी घाटमाथ्यावर पोहोचल्यावरच भरतो.

शौचालयाविषयी विचारायचे सर्वांच्या मनात आहे, पण विचारत कोणी नाही. मैला साठवणारी वीस लिटरांची पेटी असते. ती व्यवस्थित शौचालयातच रिकामी करावी. आपला जांभा सच्छिद्र आहे, आणि शेताच्या कडेला ओतलेले ते शेजारच्या विहिरीत झिरपू शकते.

घंटा झाली. गाडी बाहेर वडाखाली उभी आहे. सूर्य मावळल्यावर सावलीची भीती नाही. आत येऊन जरूर पाहावी, मात्र हात वाचनालयाच्या नळावर धुऊन यावे.