पादरा गावच्या रस्त्यावरच मिसिंग मारणारी एमजीबी

नमस्कार मंडळी. ही १९६६ची एमजीबी, ब्रिटिश स्पोर्ट्स कार. दोन सीटा, कापडी टप, १७९८ सीसीचं इंजिन. गाडी आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या काकांची. जानेवारी २०२३मध्ये लक्ष्मीविलास पॅलेसवर जुन्या गाड्यांचा मेळा भरला होता ना, तो बघून आल्यापासून काकांनी हिला बाहेर काढायचं मनावर घेतलं. तेव्हापासून तक्रार एकच. बडोद्याच्या गर्दीत गाडी गुणाची, आणि पादरा गावच्या मोकळ्या रस्त्याला लागली की आचके देते.

आत्तापर्यंत दोनदा कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल-हवा मिसळणारा भाग, साफ झालाय. जो बघतो तो म्हणतो, "कार्बोरेटर साफ करावी नाखो," साफ करून घ्या. ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी कॉइलही नवी बसवून झाली. आचके आहेत तिथेच आहेत.

मी काकांना एवढंच विचारलं, "आचके देते तेव्हा तुमचा पाय कुठे असतो?" काका म्हणाले, "हलकाच असतो रे, पन्नास-साठला. गंमत म्हणजे पूर्ण दाबला की सुधारते!"

आता बघा, पेट्रोल कमी पडत असेल तर पाय दाबल्यावर गाडी आणखी रडायला हवी. ही सुधारते. म्हणजे कार्बोरेटरवरचा माझा संशय तिथेच निम्मा झाला. मग मी शेजारी बसून चक्कर मारली आणि रस्ता सोडून टॅकोमीटरकडे, म्हणजे इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या काट्याकडे बघत बसलो. या गाडीचा टॅको इलेक्ट्रिक आहे, कॉइलच्या करंटवर चालतो. पेट्रोल तुटलं तर इंजिनाबरोबर काटा हळूहळू उतरतो. हा मात्र गाडी जोरात पळत असताना एकदम खाली आपटायचा आणि परत वर यायचा. म्हणजे कॉइलचा करंटच तुटतोय, चोर लो टेन्शनच्या, कमी व्होल्टेजच्या बाजूला आहे. म्हणजे स्विच, कॉइलची प्रायमरी (बॅटरीचा करंट घेणारी बाजू), पॉइंट (तो करंट सारखा जोडणारे-तोडणारे) आणि त्यांच्या मधल्या वायरी. प्लग आणि जाड वायरींना आज हात लावायचा नाही.

स्पॅनर उचलायच्या आधी एक गोष्ट. ही गाडी पॉझिटिव्ह अर्थ आहे! बॅटरीचा प्लस बॉडीला. १९६७च्या शेवटी कंपनीने ते उलटं केलं, त्याआधीच्या सगळ्या अशाच. सीटांच्या मागे ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये आहेत. नवी कॉइल लावणाऱ्याने सवयीने पांढरी वायर प्लसला जोडली होती. गाडी तशीही चालते, पण ठिणगी उलट्या दिशेने उडते आणि तिला जास्त व्होल्टेज लागतं. हिच्यात पांढरी वायर मायनसला, आणि प्लसवरून काळ्या रेघेची पांढरी वायर डेल्कोला. डेल्को म्हणजे ठिणगी एकेका प्लगला वाटणारा भाग, पॉइंट त्याच्यातच असतात; पुस्तकात डिस्ट्रिब्यूटर म्हणतात, आपल्या गॅरेजात डेल्कोच.

वायरींचे रंग लक्षात ठेवा, गाडीचं इलेक्ट्रिक सामान बनवणाऱ्या लुकास कंपनीने मोठी सोय करून ठेवलीय. ब्राऊन म्हणजे बॅटरीचा थेट करंट, किल्ली असो नसो. पांढरी म्हणजे किल्ली फिरवल्यावर येणारा. हिरवी म्हणजे तोच करंट, पण फ्यूजमधून आलेला. लोक लुकासला अंधाराचा राजपुत्र म्हणून हसतात. मला विचाराल तर निम्मा अंधार नंतरच्या वायरमननी केलेला असतो. या गाडीत मला लाल घरगुती वायर सापडली, तीही सेलोटेप लावून!

चला, किल्ली ऑन. ऐकू येतंय? मागून टिक-टिक-टिक... आणि थांबलं. हा एसयू कंपनीचा इलेक्ट्रिक पेट्रोल पंप. त्यालाही पांढऱ्या वायरीचाच करंट. तो टिकटिकला म्हणजे करंट स्विचच्या पुढे आलाय. मीटर न लावता अर्धी लाईन तपासून झाली.

आता टेस्ट लॅम्प. एक टोक कॉइलच्या डेल्कोकडच्या टर्मिनलला, दुसरं बॉडीला. काका, सेल्फ मारा. लॅम्प लुकलुकतोय. पॉइंट उघडले की पेटतो, मिटले की विझतो. सतत पेटलेलाच राहिला तर पॉइंट मिटत नाहीत किंवा त्यांना अर्थ मिळत नाही. पेटलाच नाही तर कॉइलला करंट नाही, किंवा डेल्कोच्या आत काहीतरी बॉडीला टेकलंय. पॉइंट बदलताना फायबरचा वॉशर चुकीच्या जागी बसला की हेच होतं. मीही एकदा केलंय, अख्खा रविवार गेला होता. पॉइंटचा गॅप ०.०१५ इंच, फीलर गेजने बघितला, बरोबर आहे. आणि पॉइंट मिटलेले असताना किल्ली ऑन ठेवून गप्पा मारू नका. कॉइलमधून ४ अँपिअरच्या आसपास करंट वाहत राहतो आणि ती तापते.

म्हणजे सेल्फवर सगळं ठीक. मग हलक्या पायालाच काय बिघडतं?

किल्ली बंद. डेल्कोची कॅप काढतो. ही डबी दिसतेय, ती व्हॅक्यूम अॅडव्हान्स. गाडी हलक्या पायावर पळते तेव्हा कार्बोरेटरकडून येणारी हवेची ओढ पॉइंटची अख्खी प्लेट फिरवते. आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, ओढ नसते. पाय पूर्ण दाबला तरी जवळजवळ नाहीच. काकांची तक्रार आठवली का? प्लेट फिरली की बिघाड, जागेवर आली की ठीक!

मल्टिमीटर बझरवर, जोडणी पक्की असली की वाजतो. एक टोक प्लेटवर, दुसरं डेल्कोच्या बॉडीवर. वाजतोय. आता ही नळी कार्बोरेटरकडून काढून तोंडाने ओढतो... गेला. सोडतो... वाजला. पुन्हा ओढतो... गेला.

कॅमेरा जवळ आण. ही कापडी आवरणाची, बोटभर लांबीची वायर बघा. प्लेटला अर्थ देते. बाहेरून धडधाकट, ओढून बघितली तर रबरासारखी ताणली जातेय. आतल्या तारा तुटल्यात. वर्षानुवर्षं प्लेटबरोबर वाकून वाकून. ती तुटल्यावर प्लेटला अर्थ मिळायचा तो नुसता टेकून, ग्रीसमधून, कधी मिळेल कधी नाही. म्हणून आचके.

नवी वायर टाकताना घरच्या फिटिंगची जाड तार नको, चार दिवसांत तुटेल. मल्टिमीटरच्या जुन्या प्रोबची वायर कापली, तिच्यात केसासारख्या बारीक तारा असतात. दोन्ही टोकांना लग सोल्डर केले, थोडी ढील ठेवली. शेजारी पॉइंटकडे जाणारी दुसरी वायर आहे, तीही वाकत असते, तीही बदलली.

बसवलं. बझर लावून नळी ओढली, आवाज तुटत नाही. जुनी कॉइल चांगलीच होती, काका. परत लावून ठेवू, नवी डिकीत असू दे.

सेल्फ मारा. हं. आणि टोपी घेताय म्हणजे पादऱ्याला निघालात वाटतं. थांबा, कॅमेरा बंद करून मीही येतो, मला तो काटा बघायचाय.