टोळी कागदावर येत नाही

(पहाट. नदीपात्र. पाण्यात उभा ट्रॅक्टर, दिवे बंद.)

पाण्यात अर्धं चाक बुडवून उभा असलेला वाळूचोरांचा हा ट्रॅक्टर नीट बघा. मागे ट्रॉली नाही. ट्रॉलीच्या जागी साखळीला बांधलेलं एक जाड लोखंडी पातं आहे, एखादं भलंमोठं फावडं असावं तसं. इकडे त्याला केनी म्हणतात. एक जण केनीवर पाय रोवून उभा राहतो, पातं वाळूत रुततं, ट्रॅक्टर हिसका देऊन पुढे निघतो आणि नदीचा तळ खरवडत काठावर येतो. त्या माणसाच्या पायाकडे लक्ष द्या. चप्पलसुद्धा नाही. रात्रभर तो कमरेइतक्या पाण्यात आहे.

काठावर ढीग तयार होतो. जेसीबी तो ढीग उचलून हायवात, म्हणजे मोठ्या डंपरमध्ये टाकतो. एका हायवात पाच ब्रासच्या आसपास वाळू मावते. ब्रास म्हणजे 100 घनफूट. उजाडायच्या आत हायवा महामार्गाला लागलेला असतो आणि काठावर उरतात ओल्या चाकोऱ्या.

(ड्रोन. नदी, पूल, दोन्ही काठ.)

ही गोदावरी. पाणी ज्या दिशेला वाहतंय तिकडे तोंड केलं, तर उजव्या हाताचा काठ बीड जिल्ह्यातला, गेवराई तालुक्याचा. डाव्या हाताचा जालना जिल्ह्यातला, अंबड तालुक्याचा. मधला पूल शहागडचा, धुळे-सोलापूर महामार्गावरचा. नदी एकच आहे, पण कलेक्टर दोन, एसपी दोन, तहसीलदार दोन. गेवराईचं महसूल पथक पात्रात उतरलं की ट्रॅक्टर पलीकडे जालन्याच्या हद्दीत चढतो. तिकडून पथक आलं की अलीकडे बीडच्या हद्दीत.

याच पट्ट्यात राक्षसभुवन आहे. 10 ऑगस्ट 1763 ला माधवराव पेशव्यांनी इथे निजामाच्या फौजेचा पराभव केला. निजाम आधीच नदी उतरून पलीकडे गेला होता, नदीला पाणी होतं, आणि अलीकडे राहिलेला त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला. या नदीने तेव्हाही काठ बघून माणसं तारली आणि मारली. आज तिच्या आडोशाने तरतो तो वाळूचोर.

(वाळूचा क्लोजअप. ओंजळीतून गळणारे कण.)

ही वाळू तयार व्हायला नदीला किती काळ लागला असेल, विचार करा. सह्याद्रीचा दगड फुटत, घासत, लोळत इथवर आला. 1976 मध्ये वर पैठणला जायकवाडीचं धरण पूर्ण झालं. मराठवाड्याची तहान त्या धरणाने भागवली, त्याबद्दल वाद नाही. पण वरून येणारी वाळू आणि गाळ आता त्या भिंतीमागे अडतो. सिंदफणेसारखी मोठी नदी गोदावरीला मिळते ती पार खाली, मंजरथला. म्हणजे या मधल्या पट्ट्यात जी वाळू आहे ती बहुतांशी जुनी साठवण आहे. एकदा उपसली की मागून भर येणं अवघड.

आणि मागणी थांबत नाही. जगात दरवर्षी सुमारे 5,000 कोटी टन वाळू आणि खडी वापरली जाते, असं संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा 2022 चा अहवाल सांगतो. वाळवंटातली वाळू बांधकामाला चालत नाही, तिचे कण वाऱ्याने घासून गोल झालेले असतात. काँक्रीटला खरखरीत वाळू लागते, आणि ती नदीत मिळते.

(रात्र. चौकातली टपरी. मोटारसायकलवर दोन पोरं, चेहरे पुसट केलेले.)

आता या दोघांकडे बघा. यांना वाळू भरायची नाही, गाडी चालवायची नाही. यांचं काम एवढंच की तहसीलदारांची गाडी निघाली, की फोन करायचा. याला म्हणतात ‘लोकेशन देणं’. एक जण तहसीलच्या गेटवर, एक फाट्यावर, एक वाळूघाटाच्या वाटेवर. साहेबांची गाडी पात्रापर्यंत पोचायच्या आत पात्र मोकळं होतं.

इथेच ही चोरी संपते आणि संघटित गुन्हा सुरू होतो. भुकेपोटी कुणी बैलगाडीभर वाळू नेली तर ती चोरी. पण ट्रॅक्टर एकाचा, जेसीबी दुसऱ्याचा, हायवा तिसऱ्याचा, डिझेल भरणारा चौथा, लोकेशन देणारी पगारी पोरं वेगळी, हप्ता पोचवणारा वेगळा, आणि या सगळ्यांचा हिशेब एकाच माणसाकडे, तर ती टोळी आहे. तो एक माणूस पात्रात कधीच उतरत नाही. आमच्या कॅमेऱ्यातही तो आलेला नाही.

(पथक. मोबाइलच्या उजेडात लिहिणारा हात.)

पकडायला जातात ती माणसं ही. नायब तहसीलदार, मंडळ अधिकारी, तलाठी, कोतवाल. तलाठ्याचं पदनाम बदलून ग्राम महसूल अधिकारी झालं, पण हातात साधी काठीसुद्धा आली नाही. सोबत पोलीस मिळाले तर मिळाले. मोबाइलच्या टॉर्चमध्ये पंचनामा चाललाय. कागद मांडीवर आहे, पेन थंडीने अडतंय. पंच म्हणून सही करायला गावातला एकही माणूस पुढे येत नाही, आणि त्याला दोष देता येत नाही, कारण त्याला त्याच गावात राहायचंय.

या कागदावर काय लिहिलं जातं ते ऐका. वाहनाचा क्रमांक. चालकाचं नाव. अंदाजे किती ब्रास. बस.

(तहसील कार्यालयाचं आवार. जप्त वाहनांची रांग.)

पुढे काय होतं? महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम 48 लागतं. वाळूच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड, शिवाय वाहनाचा दंड वेगळा. ट्रॅक्टरला 1 लाख रुपये, पोकलेनला साडेसात लाख. ऐकायला आकडा मोठा वाटतो. हे गंजलेले ट्रॅक्टर बघा, स्टिअरिंगमधून वेल वर चढलाय. हे त्यांचे, ज्यांना दंड परवडला नाही. ज्यांना परवडतो त्यांची वाहनं दंड भरून, बंधपत्र लिहून देऊन बाहेर पडतात.

आणि ही गोष्ट लक्षात घ्या, या सगळ्या लढाईची मेख इथे आहे. हा दंड महसुली कारवाई आहे. तिच्यात एफआयआर असेलच असं नाही, आणि पोलीस तपासानंतर न्यायालयात दाखल करतात ते दोषारोपपत्र तर नाहीच. दंड भरला की त्या माणसाच्या नावापुढे गुन्हा म्हणून काहीही उरत नाही.

(जुनी मुंबई. रस्ते, वर्तमानपत्रांची कात्रणं.)

टोळ्या मोडायचा कायदा महाराष्ट्राकडे आहे, आणि तो आपण रक्त सांडल्यावर केलेला आहे. नव्वदच्या दशकात मुंबईत खंडणीचे फोन, भरदिवसा गोळीबार. ऑगस्ट 1997 मध्ये गुलशन कुमार यांची अंधेरीत हत्या झाली. गोळी झाडणारा सापडायचा, गोळी झाडायला सांगणारा परदेशात बसलेला. नेहमीचा कायदा एका वेळी एक गुन्हा बघत होता. म्हणून 1999 मध्ये मकोका आला, महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा. त्याने नजर गुन्ह्यावरून टोळीवर नेली. दोषारोपपत्रासाठी 180 दिवसांपर्यंत मुदत, जामिनाच्या कडक अटी, पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुराव्यात ग्राह्य. अधिकार मोठे, म्हणून दारही अरुंद ठेवलं, आणि ते योग्यच होतं. उपमहानिरीक्षकांच्या मंजुरीशिवाय मकोका लावता येत नाही. आणि मागच्या 10 वर्षांत त्या टोळीवर एकाहून जास्त दोषारोपपत्रं दाखल झालेली असावी लागतात, न्यायालयाने त्यांची दखल घेतलेली असावी लागते.

आता पात्रातला तो पंचनामा आठवा. दंड भरला, प्रकरण मिटलं, दोषारोपपत्र नाही. जिथे दोषारोपपत्र झालं, तिथे नाव चालकाचं, मजुराचं. प्रत्येक वेळी वेगळा चालक. पात्रात रोज रात्री दिसणारी टोळी कागदावर कधी तयारच होत नाही. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 111 मुळे संघटित गुन्हेगारीविरुद्धची तरतूद देशभर लागू झाली, पण दोषारोपपत्रांची अट तिथेही आहे. झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाल्यांसाठी केलेल्या एमपीडीए कायद्यात 2015 मध्ये वाळू तस्कर घातले, वर्षभरापर्यंत स्थानबद्ध करता येतं, म्हणजे खटल्याशिवाय कोठडीत ठेवता येतं. पण स्थानबद्ध कुणाला करायचं? नाव तर चालकाचंच आहे.

सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्येच सांगितलं आहे की खनिज कायद्याची कारवाई असली तरी वाळूचोरीचा फौजदारी गुन्हा वेगळा चालू शकतो. वाट मोकळी आहे. पहिल्याच रात्री एफआयआर, चालकाच्या मोबाइलवरचा शेवटचा कॉल कुणाचा, डिझेलचे पैसे कुणाच्या खात्यातून गेले, हायवाचा हप्ता बँकेत कोण भरतो, एवढा तपास झाला की मालकाचं नाव दोषारोपपत्रात येतं. दोनदा आलं की मकोकाचं दार उघडतं. तलाठ्याला हा तपास करता येणार नाही. तो पोलिसांनीच करायचा आहे, आणि दोन्ही काठांच्या पोलिसांनी एकत्र बसून.

(भीमा नदी. स्फोट. पाण्याचा उंच फवारा.)

हे भीमेचं पात्र, दौंडकडचं. वाळू ओढणाऱ्या बोटींना जिलेटीन लावून पथक त्या उडवून देतं. बोटीवरचे मजूर आधीच पाण्यात उड्या मारून पोहत निघून गेलेत. बहुतेक बिहार, झारखंड, उत्तर प्रदेशचे. त्यांची नावंही इथे कुणाला माहीत नसतात.

(स्फोट पुन्हा, संथ गतीत. निवेदन नाही.)

वाळूचं धोरण बदलत राहिलं. 2023 मध्ये सरकारने स्वतःचे वाळू डेपो उघडले, 600 रुपये ब्रास. 2025 मध्ये पुन्हा वाळूघाटांचे लिलाव आले, घरकुलाला पाच ब्रास मोफत ठरली, कृत्रिम वाळूला प्रोत्साहन मिळालं. इकडे उपसा चालूच राहिला. काठावरच्या विहिरी आटल्या, उपशाच्या खड्ड्यांत पोहायला उतरलेली मुलं बुडाली.

(अंधारी वाट. पथकाची जीप, आतून.)

25 जानेवारी 2011 ला मनमाडजवळ पानेवाडीला मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे इंधनभेसळ पकडायला गाडीतून उतरले. त्यांना भरदिवसा जिवंत जाळलं. ती टोळी इंधनाची होती, ही वाळूची. पण या जीपमध्ये बसलेल्या प्रत्येकाला ती तारीख पाठ आहे.

पात्र अजून अर्धा किलोमीटर आहे. ड्रायव्हरने दिवे विझवलेत. पुढच्या वळणावर एक मोटारसायकल उभी आहे, तिच्यावरच्या पोराने मोबाइल कानाला लावलाय. मागच्या सीटवरचे मंडळ अधिकारी तिचा नंबर आपल्या तळहातावर लिहून घेतात.